स्क्रीनशॉट काढला, पण गेला कुठे?

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. भाचीच्या प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख, म्हणजे हातात उरलेली तीस मिनिटं. पान तीनदा गोल गोल फिरलं आणि एकदाची हिरवी खूण आली, तिच्याखाली लांबलचक व्यवहार क्रमांक. मी प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं. फोनवर भाची विचारत होती, "मावशी, स्क्रीनशॉट काढलास ना?" "काढला गं, झोप आता." मग तिला अर्ज क्रमांक हवा होता म्हणून तो कॉपी केला, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर चिकटवला, लॅपटॉप मिटला.

सकाळी बघते तर पोर्टलवर फीच्या रकान्यात 'पेंडिंग'. आणि स्क्रीनशॉट कुठेच नाही. पिक्चर्समध्ये नाही, डेस्कटॉपवर नाही. डाउनलोड्समध्ये तो जात नाही हे माहीत असूनही तिथे तीनदा शोधला. पुढचे तीन दिवस बँकेच्या स्टेटमेंटची प्रिंट घेऊन खेटे घातले तेव्हा कुठे फी जमा दिसली.

चूक माझीच होती. त्या लॅपटॉपवर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र फक्त क्लिपबोर्डवर जायचं, आणि क्लिपबोर्ड म्हणजे एका वेळी एकच वस्तू मावणारी मूठ. दुसरं काही उचललं की पहिलं सांडलं. मी अर्ज क्रमांक कॉपी केला त्याच क्षणी फीची पावती मुठीतून गेली. फाइल म्हणून ती कधी जन्मालाच आली नव्हती.

तेव्हापासून स्क्रीनशॉट म्हणजे माझ्या लेखी कागद. हातात आलेला कागद आपण कुठे ठेवतो, कुणाला दाखवतो, त्यावरचं काय झाकतो, कधी फाडतो, हे सगळं इथेही लागू आहे. बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, पण सुरुवात तिथूनच करू.

विंडोजवर: कुठलं बटण दाबलं की चित्र कुठे जातं

एकच युक्ती पाठ करायची असेल तर ही करा: विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस, तिन्ही एकत्र. पडदा जरा अंधारतो, वरच्या बाजूला छोटी पट्टी येते. पट्टीवर आकार निवडता येतो: चौकोन, हाताने काढलेला वेडावाकडा आकार, एखादी खिडकी किंवा अख्खा पडदा. मी नव्वद टक्के वेळा चौकोनच घेते. माउस दाबून एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढायचं आणि सोडायचं. मन बदललं तर एस्केप.

माउस सोडला की चित्र क्लिपबोर्डवर जातं. अद्ययावत विंडोज ११ मध्ये त्याच वेळी त्याची एक फाइल पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये आपोआप तयार होते. विंडोज १० मध्ये होत नाही! तिथे उजव्या कोपऱ्यात जी सूचना येते तिच्यावर क्लिक करून, उघडलेल्या खिडकीत कंट्रोल आणि एस दाबून फाइल स्वतः ठेवावी लागते. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी घरोघरी ती अजून सुखाने नांदते आहे, म्हणून हा फरक लक्षात ठेवा. कोपऱ्यातली सूचना तुम्ही बघेपर्यंत निघून गेली असेल तर तारखेजवळच्या सूचनांच्या कप्प्यात ती सापडते.

दुसरी युक्ती: विंडोज आणि प्रिंट स्क्रीन. क्षणभर पडदा मंदावतो, जणू कुणी डोळा मिचकावला, आणि अख्ख्या पडद्याची फाइल थेट स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पडते. घाईच्या वेळी, म्हणजे फी, तिकीट, निकाल, पाच मिनिटांत गायब होणारं पान, अशा वेळी मी हेच वापरते. आधी काढून ठेवायचं, कापाकापी नंतर.

ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन फक्त समोरच्या खिडकीचं चित्र घेतं, पण तेही क्लिपबोर्डवरच. वर्ड किंवा मेलमध्ये लगेच चिकटवायचं असेल तर उत्तम, साठवायचं असेल तर भरवशाचं नाही. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला असला की अख्ख्या पडद्याच्या चित्रात दोन्ही पडदे येतात, आणि दुसऱ्यावर काय उघडं आहे ते आपण विसरलेलो असतो. अशा वेळी ही ऑल्टची सवय लाज राखते.

आणि नुसतं प्रिंट स्क्रीन? ते आता लॅपटॉपवर अवलंबून आहे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ते दाबलं की स्निपिंग टूलची, म्हणजे विंडोजच्याच स्क्रीनशॉट काढण्याच्या साधनाची, तीच पट्टी उघडते. तुम्हाला जुनं वागणं हवं असेल तर सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथे जाऊन प्रिंट स्क्रीनचा खटका बंद करा. काही असो, पहिल्यांदा काढल्यावर स्क्रीनशॉट्स फोल्डर उघडून फाइल खरंच आली का ते एकदा डोळ्यांनी बघा. मी ते बघितलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

बटणच सापडत नाही, ही तक्रारही नेहमीची. लॅपटॉपच्या कीबोर्डवर जागा कमी, म्हणून प्रिंट स्क्रीनचं आखूड रूप वरच्या ओळीत, डिलीट किंवा एफ-बाराच्या शेजारी कोंबलेलं असतं. ते बटणाच्या खालच्या अर्ध्या भागात किंवा वेगळ्या रंगात छापलेलं असेल तर सोबत एफएन दाबावं लागतं. काही लॅपटॉपवर अक्षरांऐवजी कात्रीचं किंवा तुटक रेषांच्या चौकोनाचं चित्र असतं. काहींवर बटणच नसतं, तिथे एफएन, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून बघा. आणि बटण मोडलंच असेल, चहा सांडून वगैरे, तर विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो, त्यावर प्रिंट स्क्रीनचं बटण असतं.

आता त्या मुठीबद्दल. विंडोज आणि व्ही दाबा. पहिल्या वेळी ते चालू करण्याची परवानगी मागतं, ती द्या. यापुढे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी, चित्रांसकट, तिथे रांगेत दिसतात आणि हवी ती परत चिकटवता येते. एका वस्तूला ४ एमबीची मर्यादा आहे, साध्या स्क्रीनशॉटला ती सहसा पुरते. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की यादी पुसली जाते, पिन लावलेल्या गोष्टी तेवढ्या राहतात. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ पासून आहे, म्हणजे त्या रात्रीही माझ्या लॅपटॉपमध्ये होती. फक्त मला माहीत नव्हती. एक सावधगिरी: या यादीत कॉपी केलेले पासवर्डही बसतात. लॅपटॉप घरात चौघांचा असेल तर अधूनमधून 'क्लिअर ऑल' करा.

उघडलेल्या मेनूचं चित्र हवं असतं आणि बटण दाबताच मेनू मिटतो, तेव्हा स्टार्टमधून स्निपिंग टूल उघडा आणि घड्याळाच्या चिन्हावरून ३, ५ किंवा १० सेकंदांचा उशीर निवडा. 'न्यू' दाबायचं, मेनू उघडून थांबायचं, पडदा आपोआप गोठतो.

चित्रपट दाखवणाऱ्या काही सेवांचा स्क्रीनशॉट काळाकुट्ट येतो. लॅपटॉप बिघडलेला नाही, चोरी रोखणारं कुलूप आहे ते. त्यावर वेळ घालवू नका.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३ म्हणजे अख्खा पडदा, ४ म्हणजे ओढून निवडलेला तुकडा, ५ म्हणजे सगळ्या सोयींची पट्टी. ही पट्टी मोहावी या मॅकच्या २०१८ च्या आवृत्तीपासून आली. ४ दाबल्यावर स्पेसबार दाबला तर कर्सरचा कॅमेरा होतो आणि नेमकी एक खिडकी टिपता येते. तिच्याभोवतीची सावली नको असेल तर क्लिक करताना ऑप्शन धरून ठेवा. फाइल मुळात डेस्कटॉपवर पडते, त्यामुळे मॅकवाल्यांचे डेस्कटॉप महिन्याभरात भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींसारखे दिसतात. ५ च्या पट्टीत 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन वेगळं फोल्डर एकदाच ठरवून द्या. फाइल नकोच, फक्त क्लिपबोर्डवर हवं, तर याच जोड्यांत कंट्रोलही दाबा.

उबुंटूच्या २२.०४ पासून पुढे प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडीची खिडकी येते. शिफ्टबरोबर दाबलं तर अख्खा पडदा, ऑल्टबरोबर एक खिडकी. फाइल पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये.

काढण्याआधी पडदा आवरा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा देखभाल खर्चाचा तक्ता आला. तक्ता नीटनेटका होता. पण अख्ख्या पडद्याचं चित्र असल्याने वर ब्राउझरचे टॅबही होते, आणि त्यातल्या एकावर 'सेक्रेटरी पदाचा राजीनामा नमुना' हे अर्धवट दिसत होतं. तक्त्यावर कुणी बोललं नाही, राजीनाम्यावर दोन दिवस चर्चा झाली.

घाई नसेल तर आधी पडद्यावरचा पसारा आवरा. हवं ते पान नव्या खिडकीत उघडा. एफ-अकरा दाबलं की टॅब आणि पत्त्याची पट्टी लपते, पुन्हा दाबलं की परत येते. अक्षरं बारीक असतील तर कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून पान मोठं करा आणि मग टिपा. नंतर चित्र ताणून मोठं केलं तर अक्षरं फुटतात. सूचनांच्या कप्प्यात 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, नाहीतर नेमक्या त्या क्षणी व्हॉट्सअ‍ॅप वेबची सूचना कोपऱ्यात उगवते.

मात्र पावतीसाठी किंवा तक्रारीसाठी काढत असाल तर नियम उलटा. तेव्हा पत्त्याची पट्टी आणि खालचं तारखेचं घड्याळ मुद्दाम चौकटीत येऊ द्या. कुठल्या साइटवर आणि कधी, हे चित्रातच दिसलं पाहिजे. कुणाला काही समजावायचं असेल तर बारीक कापा, पुराव्यासाठी असेल तर ऐसपैस ठेवा.

एक गंमत: रात्री पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट चालू असला तरी स्क्रीनशॉट पिवळा येत नाही. 'तुझ्याकडे रंग वेगळा दिसतोय का' असे फोन करू नका.

लांबलचक पान

निकालाची यादी पडद्याच्या खाली चार हात लांब असते आणि माणसं तिचे आठ तुकडे काढून पाठवतात. तिसरा आणि चौथा यांच्यामध्ये दोन ओळी गळालेल्या असतातच, आणि त्यातच आपलं नाव असतं.

फायरफॉक्समध्ये पानावर उजवी क्लिक करून 'टेक स्क्रीनशॉट' निवडा, मग 'सेव्ह फुल पेज'. एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबून संपूर्ण पानाचा पर्याय घ्या. क्रोमची वाट थोडी आडवळणाची आहे: एफ-बारा दाबून डेव्हलपरांची खिडकी उघडा, तीत कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, उघडलेल्या चौकटीत 'स्क्रीनशॉट' लिहा आणि 'कॅप्चर फुल साइज स्क्रीनशॉट' निवडा. फाइल डाउनलोड्समध्ये पडते. डावीकडे-उजवीकडे उघडलेलं ते परग्रहासारखं काहीतरी बघून घाबरू नका, एफ-बारा पुन्हा दाबलं की जातं.

पण खरं सांगू का, पावती, तिकीट, अर्जाची प्रत यांसाठी स्क्रीनशॉटपेक्षा पीडीएफ चांगली. कंट्रोल आणि पी दाबा, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा. अख्खं पान येतं, अक्षरं कितीही मोठी केली तरी फुटत नाहीत, व्यवहार क्रमांक कॉपी करता येतो, आणि 'हेडर्स अँड फूटर्स'वर टिचकी मारली तर पानाचा पत्ता आणि तारीखही कडेला छापली जाते. मी आता दोन्ही करते: आधी विंडोज आणि प्रिंट स्क्रीन, कारण पान कधी उडेल सांगता येत नाही, आणि मग निवांत पीडीएफ.

झाकायचं ते खरंच झाका

या भागात मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथल्या चुका परत घेता येत नाहीत.

आधार क्रमांक, खातं क्रमांक, जन्मतारीख, मोबाइल, क्यूआर कोड. चित्र पाठवण्याआधी हे शोधा. बहुतेक जण स्निपिंग टूलमधला हायलाइटर काळा किंवा गडद करून त्यावर दोनदा फिरवतात आणि समाधान मानतात. हायलाइटर पारदर्शक असतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे हळूहळू वर येतात, भिंतीला पांढरा रंग मारला तरी जुनी अक्षरं दिसतात तसे. झाकायचं असेल तर पेंटमध्ये उघडा, चौकोनाचा आकार घ्या, 'फिल'मध्ये 'सॉलिड कलर' निवडा आणि भरीव काळा ठोकळा ओढा. आकड्यांवर धूसरपणा किंवा ठिपक्यांचं जाळं टाकून भागवू नका. अंक दहाच असतात, त्यामुळे धूसर आकृतीवरून अंदाज बांधणं फार अवघड नसतं. आधार तर झाकत बसण्यापेक्षा मास्क केलेला डाउनलोड करा, त्यात पहिले आठ आकडे आधीच लपवलेले असतात.

कापलं म्हणजे गेलं, असंही समजू नका. २०२३ मध्ये आधी पिक्सेल फोनच्या आणि मग विंडोज ११ च्या स्क्रीनशॉट साधनात एक दोष उघड झाला. कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर सेव्ह केलं तर नव्या, छोट्या चित्राच्या शेपटीला जुन्या फाइलचा उरलेला भाग तसाच चिकटून राहायचा, आणि कापून टाकलेला तुकडा त्यातून परत काढता यायचा. ही भोकं बुजवली गेली आहेत, पण अपडेट टाळणाऱ्या लॅपटॉपवर ती उघडी असू शकतात आणि त्याआधी पाठवलेल्या फाइल्स आहेत तशाच आहेत. वर्डमध्ये तर हा दोष नाही, नेहमीची रीत आहे. तिथे चित्र 'क्रॉप' केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये लपून असतो, समोरचा माणूस कड ओढून तो पुन्हा उघडू शकतो. 'कम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' निवडलं की मगच तो जातो.

सगळ्यात फसवी गोष्ट शेवटी. विंडोज ११ आपोआप जी फाइल ठेवते ती मूळ चित्राची. तुम्ही नंतर त्यावर काळे ठोकळे मारता, ते वेगळं सेव्ह करावं लागतं. म्हणजे तुम्ही झाकलेलं चित्र पाठवता आणि न झाकलेलं स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये मुकाट बसलेलं असतं. त्यात वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीने, पिक्चर्स फोल्डरचा बॅकअप चालू केलेला असेल, आणि नवा लॅपटॉप सुरू करताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत त्याला हो म्हटलेलं असतं, तर तीच उघडी प्रत इंटरनेटवरच्या तुमच्या खात्यात जाते. फाइल एक्सप्लोररमध्ये स्क्रीनशॉट्स फोल्डरचा पत्ता वाचा. त्यात वनड्राइव्हचं नाव असेल तर तसंच होतंय. नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये पिक्चर्सचा बॅकअप थांबवा, किंवा फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'लोकेशन', मग 'मूव्ह' असं करून ते दुसऱ्या जागी हलवा. वनड्राइव्हची फुकटची जागा ५ जीबीच आहे, तीही वाचेल.

पाठवताना

स्क्रीनशॉट मुळात पीएनजी प्रकारची फाइल असते. तिच्यात अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. जेपीजी केलं की आकार घटतो, पण अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात, अनुस्वार आणि रफार त्यात सगळ्यात आधी हरवतात. मराठी मजकुराचं चित्र असेल तर शक्यतो पीएनजीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र दाबून छोटं करतं. तक्ता किंवा बारीक अक्षरं असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, जसंच्या तसं पोचतं.

एखादं पोर्टल दोनशे केबीच्या आतलंच जेपीजी मागतं तेव्हा इलाज नसतो. आधी नको ती जागा कापा, त्यानेच निम्मं काम होतं. मग पेंटमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जेपीईजी निवडा. एवढ्यानेही बसलं नाही तरच 'रीसाइझ'मध्ये टक्केवारी कमी करा, आणि मग वाचता येतंय का ते बघा.

पाच-सहा चित्रांची एक पीडीएफ हवी असेल तर कुठल्या साइटवर चढवायची गरज नाही. एक्सप्लोररमध्ये सगळी निवडा, जी पहिली यायला हवी तिच्यावर उजवी क्लिक, 'प्रिंट' (दिसत नसेल तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये), प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम'ची टिचकी काढा, नाहीतर कडा कापल्या जातात.

चित्रातला मजकूर टाइप करत बसू नका. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये 'टेक्स्ट अ‍ॅक्शन्स'चं चिन्ह आहे, इंग्रजी मजकूर आणि आकडे ते उचलतं. मराठीसाठी माझा भरवसा गूगल ड्राइव्हवर: चित्र तिथे चढवा, उजवी क्लिक, 'ओपन विथ', गूगल डॉक्स. चित्राखाली मजकूर उमटतो. जोडाक्षरं आणि आकडे मूळ चित्राशी ताडून बघा, विशेषतः रकमा.

नाव आणि घर

फोल्डरमध्ये 'स्क्रीनशॉट' आणि पुढे नुसता आकडा किंवा तारीख-वेळ, अशा तीनशे फाइल्स. यातली विम्याची कुठली? विंडोजचा नेहमीचा शोध फाइलचं नाव बघतो, चित्रात काय लिहिलंय ते नाही. म्हणून ठेवायचा असेल त्या स्क्रीनशॉटला त्याच मिनिटाला नाव द्या. फाइल निवडा, एफ-दोन दाबा, लिहा. माझी पद्धत: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कशाचं, मग कुणाचं. '2025-06-14 प्रवेश फी पावती भाची' अशा धर्तीवर. वर्ष आधी असलं की फाइल्स आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात आणि गोंधळ होतो. मराठीत नाव चालतं, मी घरच्या फाइल्सना तसंच देते, पण आकडे इंग्रजी वापरते. पोर्टलवर चढवायच्या फाइलचं मात्र सगळं नावच इंग्रजीत, मोकळ्या जागेविना ठेवते. काही पोर्टलं देवनागरी नावाची फाइल बघून नुसतंच 'एरर' म्हणतात आणि कारण सांगत नाहीत.

फोल्डर फार करू नका. माझी तीनच आहेत: पावत्या, तक्रारी आणि शिकवणी. शेवटचं आईसाठी, तिला मोबाइल रिचार्ज लॅपटॉपवरून कसा करायचा ते बाण काढून दाखवलेली चित्रं. बाकी सगळं स्क्रीनशॉट्समध्येच पडू दे. तिथे जे आहे ते तात्पुरतं, हे मनाशी पक्कं.

पुरावा म्हणून ठेवत असाल तर

दुकानात 'पैसे पाठवले, हा बघा स्क्रीनशॉट' म्हणून खोटं चित्र दाखवणारे भेटतात, म्हणून दुकानदार आता बोलणाऱ्या डब्यावर विश्वास ठेवतात. कुणीही दोन मिनिटांत आकडे बदलू शकतं, त्यामुळे चित्रापेक्षा त्यातला क्रमांक महत्त्वाचा. यूपीआय व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो चित्रात पूर्ण दिसतोय ना ते बघा, बँक त्यावरूनच शोध घेते.

कोर्टात तर चित्र एकटं उभं राहत नाही. जालना मतदारसंघातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात वाद होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. ते तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. चित्रात एक ठिपका बदलला तरी तो बदलतो.

आपल्यापुरता याचा अर्थ असा. धमकीचा, फसवणुकीचा किंवा भांडणाचा स्क्रीनशॉट असेल तर मूळ फाइलला हात लावू नका. बाण, गोल, काळे ठोकळे सगळं दुसऱ्या प्रतीवर. मूळ मेल, एसएमएस, चॅट पुसू नका, 'पुरावा काढून ठेवलाय ना' म्हणून ब्लॉक करून डिलीट करणं ही सगळ्यात महागडी चूक. ऑनलाइन पैसे गेले असतील तर चित्रं सजवत न बसता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

महिन्यातून एकदा झाडलोट

पगाराच्या आसपासचा एखादा रविवार मी यासाठी ठेवते. स्क्रीनशॉट्स फोल्डर उघडायचं, 'व्ह्यू'मध्ये मोठी चित्रं दिसतील असं करायचं, तारखेने लावायचं. ज्याला नाव दिलंय ते त्याच्या फोल्डरमध्ये. बाकीच्यांवर भराभर नजर. मागच्या महिन्यात मला सापडलं ते असं: एका साडीच्या किमतीचे चार, कालबाह्य ओटीपीचा एक, न भरलेल्या फॉर्मचे सात, आणि भाचीच्या हॉलतिकिटाचा एक, ज्यावर तिची जन्मतारीख, सही, फोटो सगळं उघडं. तो पावत्यांत हलवला, बाकी सगळे निवडून डिलीट केले.

रीसायकल बिन रिकामा करायला विसरू नका. आणि फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून तिथलाही रीसायकल बिन बघा. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल तिथे ३० दिवस पडून राहते.